लाव्ह्या उत्तम, ट्रे भंगार: सात महिन्यांनंतर

परवा पिंजऱ्याच्या ट्रेला रुपयाएवढं भोक पडलं आणि खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर जे पडायचं ते पडलं. म्हणून हे लिहितोय. भांडुपची गॅलरी, दोन बाय तीनचा पिंजरा, दहा जपानी लाव्ह्या.

आधी पक्ष्यांचं उरकतो. सातव्या आठवड्यात पहिलं अंडं आलं. 'सगळ्या माद्या' म्हणून दिलेल्यांत दोन तांबूस छातीचे नर निघाले. पहाटे चारला कर्कश ओरडायचे. अंड्यांना नर लागतच नाही, तेव्हा एका रविवारी दोघे रश्श्यात गेले. सोलून एकेक जेमतेम सव्वाशे ग्रॅम. चव झकास, वाटे घालताना भांडणं.

मे महिन्यात खालून वरात गेली. बेंजो वाजला तशा सगळ्या सरळ वर उसळल्या, एकीचं डोकं सोलवटलं. आता छताला आतून जुन्या गादीचा फोम बांधलाय.

हिशेब हवाच. आठ जणी महिन्याला ६ किलो खाद्य खातात, ४५ रुपयांनी २७०. अंडी १८०. लाव्हीची पाच म्हणजे कोंबडीचं एक, म्हणजे ३६. वाण्याकडे ७ रुपयांनी २५२. अठरा रुपये खड्ड्यात, शिवाय बल्बचं बिल. (चौदा तास उजेड नसला की अंडी आटतात, पावसाळ्यात तर हमखास.) बायको हा हिशेब पाहुण्यांना सांगते.

आता ट्रे. मार्चमध्ये विचारलं असतंत तर म्हणालो असतो, लाव्ह्यांना घाण वास येतो, घेऊ नका. चूक माझी. वास ट्रेचा होता. पत्रा पातळ, मधोमध वाकलेला. सांडलेलं पाणी तिथेच साचायचं, विष्ठा ओली राहायची आणि अमोनिया थेट हॉलमध्ये. विष्ठा कोरडी राहिली तर एवढा त्रास नाही. विक्रेत्याला फोन केला. "साहेब, वॉरंटी पिंजऱ्याला आहे, ट्रेला नाही." मग ट्रेशिवाय पिंजरा काय डोक्यावर ठेवू? नवा ट्रे ६५० रुपये, कुरियर वेगळं. ठेवा तुमच्याकडेच.

प्लायवूडचा तुकडा घेतला. त्यावर नाक्यावरून उतरवलेला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स, वर मूठभर भुसा. रोज सकाळी गुंडाळायचा, पिशवीत झटकायचा, पुसायचा. खर्च शून्य, वास गेला. फक्त आईच्या आग्रहाखातर भावी नगरसेवकांचा चेहरा खालच्या बाजूला केलाय.