4,200 चा फिल्टर आणि न मिळणारी क्लिप : सात महिन्यांचा अनुभव

मागच्या मंगळवारी तासवडे टोल नाक्यावर माझी गाडी तीनदा बंद पडली. मागं सिमेंटचा बल्कर, त्याच्या मागं एसटी. एसटीच्या खिडकीतून आमच्याच शाळेची दोन पोरं ओरडली, "सर, ढकलू का?" चौथ्यांदा रेस धरूनच गाडी काढली आणि शाळेत पोचेपर्यंत ठरवलं की गाडीत बसवलेल्या या 4,200 च्या एअर फिल्टरबद्दल आता सविस्तर लिहायचंच. अर्धी चूक माझी आहे, तेही लिहितो.

गाडी 2014 ची, हजार सीसी, तीन सिलिंडर, पेट्रोल. नाव लिहीत नाही, कारण नाव घेतलं की लोक गाडीवरच घसरतात आणि मुद्दा राहतो बाजूला. कंपनीचा आकडा 20 च्या पुढचा, पण तो कुणाला मिळालाय? मला कराड-उंब्रज रोजच्या धावपळीत वर्षानुवर्षं 17 मिळायचं आणि माझी तक्रार नव्हती. गेल्या वर्षी ते 16 वर आलं. कारण गुपित नाही. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागं ऊर्जाच पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांशानं कमी. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालातच होतं की ई-10 साठी, म्हणजे दहा टक्के इथेनॉलसाठी, जुळवलेल्या जुन्या चारचाकीचं अ‍ॅव्हरेज ई-20 वर सहा-सात टक्के उतरेल. माझं तेवढंच उतरलं. हे आबांना सांगितलं तर ते म्हणाले, "आपलाच ऊस आपल्याच टाकीत जातोय, तुझं काय बिघडलं?" पेट्रोल मी भरतो, उसाचं बिल त्यांच्या खात्यावर येतं, त्यामुळं त्यांचं काही बिघडलं नाही हे खरं.

तर हे गेलेलं एक किलोमीटर परत मिळवायचं म्हणून दिवाळीनंतर एका अ‍ॅक्सेसरीवाल्याच्या नादी लागलो. "सर, इंजिनला मोकळा श्वास घेऊ द्या. लिटरला दोन किलोमीटर कुठं गेले नाहीत." कापसाच्या थरांचा, तेल लावलेला, धुऊन पुन्हा वापरायचा फिल्टर. 4,200 रुपये. मी हिशेब केला : महिन्याला हजार किलोमीटर, म्हणजे साठेक लिटर, 105 च्या भावानं सहा हजारांच्या वर. दोन किलोमीटर वाढले तर महिन्याला सातशे वाचतात, सहा महिन्यांत फिल्टर फुकट. शिवाय अडीचशेचा पेपर फिल्टर परत घ्यायला नको. वहीत हे सगळं निळ्या शाईनं लिहिलेलं आहे.

बसवायला दहा मिनिटं लागली. त्या दहा मिनिटांत जे झालं त्याचा सात महिने त्रास झाला. या फिल्टरची रबरी कड मूळ फिल्टरपेक्षा जाड. एअर बॉक्सचं, म्हणजे फिल्टर ज्या डब्यात बसतो त्याचं, झाकण नीट बसेना. दुकानातल्या पोरानं तळहातानं ठोकलं आणि झाकण धरून ठेवणाऱ्या मागच्या, बॅटरीआडच्या क्लिपचा प्लास्टिकचा कान 'टच्' करून तुटला. मी ऐकलं. तो म्हणाला, "काही होत नाही सर, बाकीच्या तीन आहेत की."

पहिले दोन महिने मी या फिल्टरचा प्रचारक होतो. स्टाफरूममध्ये दोघांना घ्यायलाही सांगितलं. माझी मोजायची पद्धत पक्की आहे : एकच पंप, नोझलचा पहिला कट पडला की थांबायचं, ट्रिप शून्य. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर माझा काडीचा विश्वास नाही, तो नेहमी खुशमस्करी करतो. डिसेंबरची नोंद : 17.1. जानेवारीची : 17.3. पिकअपही सुधारल्यासारखा वाटला. आता विचार करतो तेव्हा कळतं, आवाज वाढला होता. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की बॉनेटखालून 'हूऽऽ' यायचं आणि मला वाटायचं गाडी पळतेय.

मग एप्रिल आला. एसी सुरू झाला. अ‍ॅव्हरेज 15.6.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की दिवाळीआधीचं 16 हे ऑक्टोबरच्या उकाड्यातलं, एसी लावलेलं होतं आणि नंतरचं 17 थंडीतलं, काचा खाली करून. फिल्टरचं जुनं बिल काढून बघितलं तर खाली बारीक अक्षरात 'नायट्रोजन फ्री', म्हणजे टायरमध्ये नायट्रोजन फुकट. मला लख्ख आठवलं, त्या पोरानं टायरमधला दाब तपासताना "सर, चोवीसच आहे" म्हणत चारही चाकं 34 केली होती. म्हणजे एकाच दिवशी फिल्टर बदलला, टायर टणक झाले आणि वर हवा थंड झाली, अन् श्रेय सगळं फिल्टरला. विज्ञान शिकवतो मी. आठवीच्या पोरांना सांगतो की प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला.

मग मे महिन्यात सुट्टी होती म्हणून नीट प्रयोग केला. टायर 33 वर ठेवले, एसी दोनवर ठेवला, रस्ता तोच धरला. दोन टाक्या कापसाचा फिल्टर, दोन टाक्या पेपरचा, परत दोन कापसाचा. शाळा नसताना उंब्रजला नुसत्या चकरा मारल्यात, घरात यावर काय बोलणी खाल्ली ते लिहीत नाही. निकाल : 15.7, 15.8, 15.6. मधला पेपरचा.

असं का, हे सहाशे रुपयांच्या ओबीडी डोंगलनं (गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं यंत्र) दाखवलं आणि खरं तर या सगळ्या खटाटोपात पैसे वसूल झाले ते याच वस्तूचे. मोबाइलवर मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडं हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब दिसतो. कराडला बाहेरच्या हवेचा दाब 95 किलोपास्कलच्या आसपास. सपाट रस्त्यावर पाचव्या गिअरमध्ये 60 नं जाताना मॅनिफोल्डमध्ये दिसतात 45. हा पन्नासचा फरक कुणी पाडला? थ्रॉटलच्या झडपेनं. पेट्रोल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर म्हणजे हवेची तोटीच. आपण ती जेमतेम उघडलेली असते, इंजिन मुद्दाम अर्धं गुदमरलेलं चालत असतं. चांगल्या फिल्टरचा अडथळा त्यापुढं एखाद्या किलोपास्कलचा. तो काढला तर पाय तेवढा वर येतो, झडप तेवढी मिटते, संपलं. आणि हवा जास्त आलीच तरी ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, सेन्सर बघून तेवढं पेट्रोल जास्त सोडतो, प्रमाण बिघडू देत नाही. नळाच्या तोटीतून पाणी थेंब थेंब सोडायचं आणि म्हणायचं पाइप दोन इंची केला तर बिल कमी येईल, असला प्रकार.

अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं 2009 साली याच्या उलटी चाचणी केली होती. फ्युएल इंजेक्शनच्या, म्हणजे ईसीयू पेट्रोल मोजून सोडतो अशा, गाड्यांचे फिल्टर मुद्दाम तुंबवून अ‍ॅव्हरेज मोजलं. लक्षात येण्यासारखा फरक नाही, पिकअप तेवढा पडला. तुंबलेल्यानं जात नाही, तर मोकळ्यानं येणार कुठून? मिस्त्री लोक खोटं बोलतात असं नाही, त्यांचं ज्ञान कार्ब्युरेटरच्या काळातलं आहे, तेव्हा हवा बघून पेट्रोल जुळवणारा संगणक नव्हता. आबांच्या जुन्या बाईकचा फिल्टर तुंबला की ती पेट्रोल प्यायची, प्लग काळा कुट्ट निघायचा. तिथं ते खरं होतं.

मध्ये फेब्रुवारीत आणखी एक उपद्व्याप केला. हेडलाइटमागून गार हवा ओढणारी नळी काढून टाकली, 'अजून मोकळं' म्हणून. आवाज दुप्पट झाला, आणि पुढं डोंगल आणल्यावर दिसलं की सिग्नलला आत जाणारी हवा 61 अंश. गरम हवा विरळ, त्यामुळं झडप जरा जास्त उघडते आणि कागदावर थोडा फायदाही होतो, पण हवा फार तापली की इंजिन ठोकू नये म्हणून ईसीयू ठिणगी मागं घेतो, म्हणजे जरा उशिरा पाडतो, मग फायदा तिथंच जिरतो. नळी परत लावली. ही नळी उलट खाली बंपरपर्यंत नेणारे बहाद्दरही आहेत. पावसाळ्यात ओढ्यावरच्या पाण्यातून गाडी घाला आणि मग बघा. सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी हवेसारखं दाबलं जात नाही, पिस्टनचा कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता क्लिप. मला अ‍ॅव्हरेज न मिळाल्याचं दुःख महिनाभरात ओसरलं. क्लिपचं नाही.

आमच्या हायवेवर सहापदरीकरणाचं काम चालू आहे. सकाळी आठला डंपर गेला की पुढची गाडी दिसत नाही. त्या धुळीत माझा एअर बॉक्स मागून बोटभर उघडा. टोलवरच्या प्रकारानंतर मिस्त्रींनी पाइप सोडला, मी खिशातला पांढरा रुमाल आतून फिरवला. तपकिरी चिखल निघाला. बोटांत चोळला तर कचकच लागली, भाकरीत खडा लागावा तशी. फिल्टरला मी प्रेमानं जास्तीचं तेल लावलं होतं, ते पुढं सरकून थ्रॉटलवर बसलं, त्यावर धूळ, आणि झडपेच्या कडेला काळी खळ. त्यानं गाडी स्लोवर धरेना. साफ करायचे सातशे घेतले. आत सिलिंडरला काय ओरखडे गेले असतील ते देवाला माहीत. ही धूळ कापसातून आली की फटीतून, हे सांगता येणार नाही. माझा संशय फटीवर आहे आणि फटीचं कारण जाड रबरी कड.

या क्लिपसाठी मी टोलच्या प्रकाराच्या कितीतरी आधीच सर्व्हिस सेंटरला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलानं संगणकात बघून सांगितलं, क्लिप सुटी येत नाही, पूर्ण बॉक्स घ्यावा लागेल, 2,350. मी म्हटलं, बॉक्स धडधाकट आहे. तो म्हणाला, "सर, पार्ट नंबर बॉक्सचा आहे." मॅनेजरला भेटलो. त्यांनी चहा पाजला आणि तेच सांगितलं. आगपेटीच्या काडीएवढ्या प्लास्टिकच्या कानासाठी दोन हजार तीनशे पन्नास! मी आधी सायकलच्या ट्यूबची पट्टी लावून बघितली, महिन्यात वितळून चिकटली. एपॉक्सीची लुगदी लावली, खड्ड्यात उडाली. केबल टाय टिकला, पण फिल्टर बघायचा तर दरवेळी कापा. सौ.नं केसांचा क्लचर देऊ केला, तो टोमणा होता हे मला उशिरा कळलं.

शेवटी कोल्हापूरच्या भंगारवाल्याकडं अपघातातल्या गाडीचा बॉक्स मिळाला, 300 रुपये. चारही क्लिपा शाबूत. त्यानं वर दोन क्लिपा तशाच दिल्या, "ठेवा सर, कामाला येतील."

तर सध्या गाडीत 260 चा पेपर फिल्टर आहे, हवा मोजायचं 350 चं गेज डिकीत आहे, दर रविवारी टायर बघतो. पाऊस सुरू झाल्यानं एसी कमी लागतो, या टाकीला 16.3 पडलं. कापसाचा फिल्टर धुऊन, वाळवून, त्याच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवलाय. स्टाफरूममधल्या ज्या दोघांना घ्यायला लावला होता त्यांच्यापैकी एकानं अजून खोकं उघडलेलं नाही. त्याला उद्या गाठतो. दुसऱ्याचं म्हणणं आहे की त्याचं अ‍ॅव्हरेज दीडनं वाढलंय. त्याला टायरबद्दल विचारलं, तर म्हणाला, "हो, त्यांनी नायट्रोजन फ्री दिला."