गृहिणीचा विमा: ४३६ रुपयांची योजना की टर्म प्लॅन?

सांगली-मिरजेकडे गृहिणीच्या नावावर पॉलिसी असलीच तर ती बहुधा पाहुण्यातल्या एजंटाने गळ्यात घातलेली मनीबॅक असते, म्हणजे ठरावीक वर्षांनी थोडे थोडे पैसे परत देणारी. हप्ता दणदणीत, संरक्षण दोन-तीन लाखांचं. बचत म्हणून ठीक, विमा म्हणून नापास.

घेण्यासारखी पहिली गोष्ट बँकेतच मिळते: प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वर्षाला ४३६ रुपये, मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला २ लाख. वय १८ ते ५० हवं, संरक्षण ५५ पर्यंत. उत्पन्नाचा पुरावा मागत नाहीत, त्यामुळे घर सांभाळणाऱ्या नवऱ्यालाही चालते. विम्याचं वर्ष १ जून ते ३१ मे; डिसेंबर ते फेब्रुवारीत घेतली तर २२८ आणि मार्चपासून ११४ रुपयेच कापतात. पहिले ३० दिवस मात्र फक्त अपघाती मृत्यूलाच पैसे मिळतात.

गोम नूतनीकरणात आहे. हप्ता मेअखेरीस खात्यातून आपोआप जातो आणि नेमकं तेव्हाच खातं रिकामं असतं, कारण लाडक्या बहिणीचे १५०० आले की लगेच काढले जातात. हप्ता गेला नाही की विमा बंद, आणि नव्याने घेतला की ते ३० दिवस पुन्हा लागू. मेच्या विसाव्या तारखेपासून खात्यात किमान रकमेच्या वर पाचशे रुपये राहू द्या, जूनमध्ये पासबुक भरून ४३६ ची नोंद बघा.

पण २ लाख पुरतात किती? स्वयंपाक, मुलं आणि सासूबाईंचं बघायला माणूस ठेवायचं तर महिना १२ हजार धरा. दीड वर्षाच्या आत पैसे संपले. मूल सहा वर्षांचं असेल तर ते अठराचं होईपर्यंत हाच खर्च १७ लाखांवर जातो, तोही महागाई न धरता. इथे टर्म प्लॅनच लागतो, म्हणजे ठरावीक मुदतीत मृत्यू झाला तरच मोठी रक्कम देणारा निव्वळ विमा.

टर्म प्लॅनला अडतं ते कागदांवर. बायकोचं उत्पन्न नसलं की कंपन्या नवऱ्याचं उत्पन्न आणि त्याचा विमा बघतात. त्याचाच विमा नसेल तर तिचा अर्ज सहसा पुढे सरकत नाही, म्हणून आधी त्याचा काढा. तासगावकडच्या बागायतदार घरांची आणखी वेगळी तऱ्हा: द्राक्षाचे पैसे भरपूर येतात, पण शेती उत्पन्नावर प्राप्तिकर नाही म्हणून रिटर्नच भरलेलं नसतं. नुसत्या सातबाऱ्यावर मोठी रक्कम मिळणं अवघड. शेती उत्पन्न दाखवून रिटर्न भरायला दोन-तीन वर्षं आधीच लागावं.

तंबाखूच्या प्रश्नाला एजंट न विचारताच ‘नाही’वर खूण करतो. बाईही काही बोलत नाही, कारण सकाळची मशेरी तिच्या लेखी दात घासणं असतं. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू, आणि लघवीच्या तपासणीत ती उघडी पडते. खरं सांगितलं तर हप्ता वाढतो, एवढंच. लपवलं आणि पहिल्या ३ वर्षांत काही झालं, तर विमा कायद्याच्या कलम ४५ खाली कंपनी दावा नाकारू शकते. थायरॉईडची गोळी, गर्भपिशवीचं ऑपरेशन, हेही लिहाच. फॉर्म एजंटाने भरला तरी सही तुमची असते.

शेवटी मुदत संपल्यावर हप्ते परत देणारा प्लॅन फार खपवला जातो. त्याच संरक्षणाला बराच जास्त हप्ता, आणि परत मिळणाऱ्या पैशांवर व्याज नाही. नकोच. हप्त्याचा आकडा सांगताना कोणी जीएसटी जोडला तर थांबवा. वैयक्तिक जीवन विम्यावरचा तो २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य आहे. पॉलिसी हातात आली की नाव, जन्मतारीख आणि तंबाखूचं उत्तर तपासा. पटलं नाही तर ३० दिवसांत परत करता येते.

आधारवर सासरचं आणि पॅनवर माहेरचं नाव असेल तर अर्जाआधीच एक करून घ्या. वारस म्हणून लहान मुलाचं नाव घातलंत, तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या मोठ्या माणसाचा रकानाही भरावा लागतो. तोच रिकामा सोडलेला सर्रास दिसतो.