छापील दाखला-पुस्तक: कागद उत्तम, मजकूर जुनाच

पंचायत समितीच्या आसपासच्या स्टेशनरी दुकानांत ग्रामपंचायतींसाठी तयार दाखला-पुस्तकं मिळतात. शंभर पानं, डावीकडे स्थळप्रत, मधे छिद्रांची रेघ, उजवीकडे अर्जदाराला द्यायचा दाखला. कागद जाड आहे, शिक्क्याची शाई मागे फुटत नाही, अनुक्रमांक नीट छापलेले आहेत. बांधणीबद्दल तक्रार नाही. तक्रार मजकुराची आहे.

रहिवासी दाखलाच घ्या. (आता बऱ्याच कामांना स्वयंघोषणापत्र चालतं, तरी लोकांकडून हा दाखला मागितला जातोच.) छापलेलं वाक्य असं: "दाखला देण्यात येतो की, श्री./सौ./कु. ...... हा इसम मौजे ...... येथील कायमचा रहिवासी असून तो..." अर्जदार बाई असली की 'हा' खोडून 'ही', 'तो' खोडून 'ती'. खाडाखोडीवर सही नसली की तोच दाखला बँकेतून परत. शिवाय नवरा वारलेल्या बाईला या तिन्हींतलं काय लावायचं? 2023 मध्ये 'गं.भा.' लावायची सूचना मंत्रिपातळीवरून पुढे आली आणि तिच्यावर सडकून टीका झाली. ती रास्तच होती, कारण कोण कुठे राहतं याचा नवरा हयात असण्याशी काही संबंध नाही. तिथे "...... यांचे वास्तव्य मौजे ...... येथे आहे" एवढं छापलं की बाई, पुरुष, तृतीयपंथी सगळ्यांना एकच वाक्य पुरतं आणि खोडायला काही उरत नाही.

निराधार असल्याच्या दाखल्यात मात्र उलटा प्रकार आहे. तिथे वैवाहिक स्थिती नेमकीच लागते, कारण संजय गांधी निराधार योजनेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता हे वेगळे गट आहेत आणि प्रत्येकाला जोडायचा कागद वेगळा: कुठे पतीचा मृत्यू दाखला, कुठे न्यायालयाचा आदेश. पुस्तकात 'विधवा/परित्यक्ता' असं जोडून छापलंय. घाईत एक शब्द खोडायचा राहिला की कोणता कागद तपासायचा हेच तहसीलला कळत नाही. इथे सौजन्य म्हणून 'एकल महिला' लिहिणंही नको. मोघम शब्दाने अर्ज अडकतो आणि भुर्दंड त्या बाईलाच पडतो.

दिव्यांगांचा रकाना सर्वांत वाईट. मथळा 'अपंगत्वाचा प्रकार', खाली चार चौकटी: अंध, मूकबधिर, अस्थिव्यंग, मतिमंद. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार 21 आहेत. थॅलेसेमिया, ऑटिझम, पार्किन्सन असणाऱ्याने खूण कुठे करायची? 'मूकबधिर' तर चुकीचाच, कारण ऐकू न येणारी प्रत्येक व्यक्ती मुकी नसते, 'कर्णबधिर' म्हणावं. खरं तर चौकटी हव्यातच कशाला? 'दिव्यांगत्वाचा प्रकार (प्रमाणपत्रानुसार)', टक्केवारी आणि 18 अक्षर-अंकी यूडीआयडी (दिव्यांग ओळखपत्राचा) क्रमांक एवढ्या तीन ओळी पुरतात. प्रकार ठरवणं हे वैद्यकीय मंडळाचं काम आहे, ग्रामपंचायतीचं नव्हे.

नावाच्या ओळीत तीनच कप्पे आहेत: स्वतःचे, वडिलांचे/पतीचे, आडनाव. 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांसाठी क्रम आहे बाळाचे नाव, आईचे, वडिलांचे, आडनाव. चौथा कप्पा नसल्याने आईचं नाव वरच्या मोकळ्या जागेत बारीक अक्षरात कोंबलं जातं आणि पुढे संगणकावर चढवताना गळतं. विवाहित बाईसाठी जुनी पद्धत चालू आहे, म्हणून 'पतीचे' हा पर्यायही ठेवायचाच.

वस्तीची नावं दुकानदार गावाच्या मागणीप्रमाणे छापतो. जातिवाचक नावं बदलण्याचा शासन निर्णय 11 डिसेंबर 2020 चा. तरी जुनी नावं छापलेली पुस्तकं अजून दिसतात. नवं नावच छापा. जुन्याची सांगड कार्यालयातल्या नोंदवहीत ठेवावी, दाखल्यावर 'पूर्वीचे' म्हणून कंसात नको. तो कंस आला की बदलाचा उपयोगच संपला.

हे सुधारत का नाही? बहुतेक दुकानांत श्रीलिपीच्या जुन्या फाँटात टाइप केलेली, कोरल या मांडणीच्या सॉफ्टवेअरची एकच जुनी फाईल असते. शब्द बदलायचा तर पुन्हा टाइप करावं लागतं, ते कोण करणार? तेव्हा ऑर्डर देताना पूर्ण मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता येईल अशा मराठीत) स्वतः टाइप करून द्या. फाँट बदलताना जोडाक्षरं फुटतात, म्हणून छपाईआधी प्रूफ कागदावर मागा आणि 'दिव्यांग', 'घटस्फोटित', 'तृतीयपंथी' हे शब्द अक्षर न् अक्षर तपासा. सहीखालचा हुद्दाही बघा: 2024 च्या निर्णयानंतर 'ग्रामपंचायत अधिकारी' हवं, फाईलमध्ये 'ग्रामसेवक'च असतं.

तयार पुस्तक घेऊ नका. त्याच दुकानातून, त्याच कागदावर, आपल्या मजकुराने छापून घ्या; पहिल्या खेपेला पाचच पुस्तकं. घरपट्टी आकारणीच्या नमुना 8 ला आणि विवाह नोंदणीच्या नमुना 'ड'ला मात्र हात लावू नका. ते नियमांनी ठरलेले आहेत, तिथे शब्द परस्पर बदलता येत नाहीत.