सेकंडहँड हॅचबॅक: १.०, १.२, टर्बो की १.५? चालवून बघितल्यावरचं माझं मत

सरळ सांगतो, फॅमिलीसाठी जुनी हॅचबॅक शोधताय आणि फक्त 'किती सीसी' (म्हणजे इंजिन किती मोठं) एवढं बघून गाड्या बाजूला काढताय तर चांगल्या गाड्या हातच्या जातील आणि एखादी दमेकरी गाडी गळ्यात पडेल. आम्ही घरात पाच जण, सुट्टीत सगळे एकत्र निघतो, डिकी कायम गच्च, आणि त्यात आई मागे मधल्या सीटवर बसणार नाही म्हणजे नाही. त्यामुळे मी गाड्या बघताना एकच गोष्ट धरून ठेवली होती, भरलेली गाडी कशी पळते. रिकामी गाडी सगळीच पळते हो.

आधी साधं १.० लिटरचं, म्हणजे हजार सीसीचं इंजिन बघू, तीन सिलिंडर, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) नाही. पॉवर साधारण ६५ ते ७५ पीएसच्या (हॉर्सपॉवरच म्हणा) आसपास आणि टॉर्क, म्हणजे इंजिनची ओढ, ९०-९५ न्यूटन मीटर. एकट्याने शहरात चालवायला झकास, हलकं स्टिअरिंग, अ‍ॅव्हरेज चांगलं, सर्व्हिसिंग स्वस्त, बिघडायला फार काही नाहीच. पण गाडीचं वजन हजार किलोच्या आतबाहेर असतं आणि पाच माणसं अधिक बॅगा म्हटलं की सहज साडेतीनशे-चारशे किलो वाढतात, म्हणजे तेवढ्याच इंजिनला एका झटक्यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त ओझं, वर एसी चालू. मग चढावर दुसरा गिअर, ओव्हरटेक करायचा तर आधी मनाची तयारी, आणि ज्या अ‍ॅव्हरेजसाठी छोटं इंजिन घेतलं तेच खाली येतं कारण पाय सतत खालपर्यंत दाबलेला. दोघांसाठी किंवा दोघं आणि एक लहान मूल असेल तर बिनधास्त घ्या. पाच जणांना मी नको म्हणेन.

१.२ मात्र खरंच विचार करण्यासारखं आहे. बहुतेक फॅमिली हॅचबॅकमधे हेच इंजिन सापडतं, स्विफ्ट, जॅझ, आय ट्वेंटी, आणि आकडे पण जवळजवळ सारखेच, ८० ते ९० पीएस आणि ११०-११५ न्यूटन मीटर. पण आकडे सारखे म्हणून चालवायला सारख्या असतात असं अजिबात नाही. जॅझच्या १.२ चं इंजिन वर फिरवलं की खूष, पूर्ण टॉर्क येतो ४८०० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला ४८०० फेरे), म्हणजे खाली जीव कमी आणि गिअर सारखा बदलत राहायचं. आय ट्वेंटीच्या १.२ ला ११५ न्यूटन मीटर ४२०० ला मिळतो, तेवढाच फरक पण ट्रॅफिकमधे जाणवतो. (जॅझच्या मागच्या सीट घडी करून जी जागा होते ती बघून बायको तिथेच ठरवून बसली होती, इंजिनचं कोण ऐकतंय.)

अजून एक, १.२ म्हणजे चार सिलिंडर असं धरून चालू नका. स्विफ्टमधे बरीच वर्षं चार सिलिंडरचं १.२ होतं आणि २०२४ च्या नव्या मॉडेलमधे १.२ च ठेवून तीन सिलिंडर केलं. सीसी तेच, पण तीन सिलिंडरला उभं असताना थोडी थरथर असतेच, ते बिघाड नाही, रचनाच तशी आहे. मात्र सीट आणि आरसा दोन्ही हलत असतील तर इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवतात ते रबरी आधार) गेलेलं असू शकतं, ते विचारून घ्या.

आता टर्बो. इथे सीसीचं गणित पूर्ण उलटं होतं. तीच आय ट्वेंटी १.० टर्बोमधे घेतली की १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटर, तेही १५०० ते ४००० आरपीएमपर्यंत सलग. म्हणजे इंजिन छोटं आणि ताकद जास्त. हिशोब करून बघा, टॉर्क गुणिले आरपीएम भागिले ९५४९ केलं की किलोवॅट मिळतात. २००० आरपीएमला टर्बो साधारण ३६ किलोवॅट देते आणि १.२ ला त्याच ठिकाणी १०० न्यूटन मीटर मिळतो असं धरलं तरी २१ च्या आसपास. आपण रोज गाडी ह्याच आरपीएमला चालवतो ना, ६००० ला कोण जातं, त्यामुळे कागदावरच्या पीएसपेक्षा हा खालचा फरक भरलेल्या गाडीत कळतो. डोंगरात तर अजूनच, कारण टर्बो नसलेल्या इंजिनची पॉवर दर हजार मीटर उंचीला साधारण १० टक्के कमी होते, हवाच विरळ, टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो.

मग सगळ्यांनी टर्बोच घ्यावी का? नवीन घेत असाल तर मी हो म्हणालो असतो. जुनी घेताना माझं मत वेगळं आहे. छोटं टर्बो इंजिन ऑईलच्या बाबतीत फार नखरेल, ठरलेल्या ग्रेडचं ऑईल ठरलेल्या वेळेला बदललं नाही तर टर्बोचं बेअरिंग जातं. बरीचशी इंजिनं डायरेक्ट इंजेक्शनची असतात, पेट्रोल थेट सिलिंडरमधे जातं, इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या झडपा) धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बन बसत जातो. साध्या पोर्ट इंजेक्शनमधे पेट्रोल व्हॉल्व्हवरूनच जातं म्हणून ते स्वच्छ राहतात. आणि टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर करवणारा पट्टा! फोर्डचं १.० इकोबूस्ट आठवतंय ना, २०१२, २०१३, २०१४ सलग तीन वर्षं जगातलं सर्वोत्तम इंजिन म्हणून बक्षीस, चालवायला खरंच सुंदर, पण त्याचा बेल्ट ऑईलमधे बुडून फिरतो, आणि ऑईल जुनं झालं की बेल्टचं रबर सुटायला लागतं, त्याचे कण ऑईल पंपाच्या जाळीत अडकतात आणि इंजिनला ऑईलच पोचत नाही. प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ प्युअरटेकचीही हीच बोंब. तशी गाडी आवडली तर बेल्टचा इतिहास विचारल्याशिवाय पुढे बोलूच नका.

मला स्वतःला एक टर्बो फार आवडली होती, चौथ्या गिअरमधे चढ चढली, मागे सगळे बसलेले असताना. पण मालकाकडे ऑईल बदलल्याचं एकही बिल नाही, नुसतं 'वेळच्या वेळी केलंय'. सोडली.

आणि छोट्या टर्बोच्या अ‍ॅव्हरेजवर पण जास्त भाळू नका. युरोपात २०१७ पर्यंत पेट्रोल किती लागतं ते मोजायची जी जुनी टेस्ट होती ती इतकी हलकी की टर्बोला फार जोर लावावाच लागत नसे, म्हणून आकडे छान यायचे, खऱ्या रस्त्यावर जोर लावला की ती पण पेट्रोल पिते. टेस्ट कडक झाली त्याच सुमारास फोक्सवॅगनने गोल्फमधलं १.४ काढून १.५ आणलं, रेनॉनेही १.२ टर्बोच्या जागी १.३ आणलं. कंपन्यांनीच सीसी परत वाढवले, काय ते समजा.

आता ज्याच्याकडे कोणी बघत नाही ते सांगतो, जुनं साधं १.५ किंवा १.६ पेट्रोल. टर्बो नाही, चार सिलिंडर, बऱ्याच वेळा पोर्ट इंजेक्शन. शहरात अ‍ॅव्हरेज मार खातं हे मान्य, पण हायवेला पाच माणसं घेऊन हे इंजिन निवांत चालतं, त्याला कधी जिवाचा आटापिटा करावा लागत नाही, आणि निवांत चाललेलं इंजिन जास्त टिकतं. 'सीसी जास्त म्हणजे पेट्रोल जास्त' ह्या भीतीने लोक लांब राहतात म्हणून भाव करायला वाव असतो. तुमचं निम्म्याहून जास्त रनिंग हायवेचं असेल तर आधी हे शोधा, मिळणं अवघड आहे पण शोधा.

डिझेलवर फार लिहीत नाही. ओढायला मस्तच, पण नवीन डिझेलमधे डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असतो, तो साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब आणि गरम पळावी लागते, शाळा आणि बाजार एवढंच फिरणार असाल तर तो चोक होणार.

आम्ही शेवटी चार सिलिंडरचं १.२ घेतलं, मॅन्युअल, सगळी बिलं जागेवर. चढावर गिअर खाली टाकावा लागतो, त्याचं मला काही वाटत नाही, कारण आमचं रोजचं चालणं शहरातलं. हायवे जास्त असता तर १.५ घेतली असती.

टेस्ट ड्राईव्हला मात्र घरच्यांना घेऊन जा, सगळ्यांना. मालकाला आधीच सांगा इंजिन गार ठेव, कारण टायमिंग चेनची (काही इंजिनांत बेल्टऐवजी चेन असते) खडखड आणि सायलेन्सरचा निळा धूर बऱ्याचदा गार इंजिन चालू करतानाच कळतो, आपण पोचायच्या आधी गरम करून ठेवलेली असेल तर मला लगेच शंका येते. एसी फुल करा, एखादा चढ शोधा, तिसऱ्या गिअरमधे १५०० आरपीएमवरून हळूहळू पाय दाबत न्या आणि बघा ओढते का नुसती गुरगुरते. परत आल्यावर ऑईलची पट्टी काढून बघा, ऑईलचं झाकण उघडून आत काळा चिकट थर आहे का तेही बघा. आणि टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन असेल आणि तो बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललाच नाही असं धरून तेवढे पैसे किमतीतून कमी करायला सांगा, मालक 'अहो आत्ताच तर केलं' म्हणाला तरी.