आयटीआय की पॉलिटेक्निक?

शेजारच्या वहिनींचा मुलगा दहावी झाला. घरात दोन तट पडलेत: वडील म्हणतात आयटीआय, मामा म्हणतात पॉलिटेक्निकचा डिप्लोमा. नागपूरकडच्या मिहान, बुटीबोरी, हिंगणा या औद्योगिक भागांना दोन्ही प्रकारच्या हातांची गरज आहे, म्हणून कॉलेजांची माहितीपत्रकं बाजूला ठेवून बघू.

वेळ: वेल्डर एका वर्षात, फिटर किंवा इलेक्ट्रिशियन दोन वर्षांत बाहेर पडतो. डिप्लोमाला तीन वर्षं.

खर्च: सरकारी आयटीआय सगळ्यात स्वस्त. सरकारी पॉलिटेक्निकही झेपतं, खासगीत मात्र खिसा हलका होतो.

अभ्यास: खरा फरक इथे. आयटीआयत दिवसाचा बराच वेळ वर्कशॉपमध्ये जातो. डिप्लोमात गणित पहिल्याच सेमिस्टरला गाठतं, आणि दहावीत कसाबसा सुटलेला पोरगा तिथेच अडकतो. मामांनी याचा विचार केलेला दिसत नाही, बाप्पा!

पुढची वाट: आयटीआयनंतर ॲप्रेंटिसशिप (कंपनीत उमेदवारी) मिळाली तर शिकता शिकता स्टायपेंड मिळतो. रेल्वेत टेक्निशियनसाठी आयटीआय चालतं, ज्युनिअर इंजिनिअरला मात्र किमान डिप्लोमा हवा. डिप्लोमावाल्याला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. आयटीआयचा रस्ताही बंद नाही: फिटर, इलेक्ट्रिशियनसारखा दोन वर्षांचा ट्रेड केला की डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो.

घरी लवकर पगार हवा आणि हातात कसब असेल, तर आयटीआय. गणिताची भीती नसेल, तीन वर्षं थांबता येत असेल आणि पुढे पदवीचा विचार असेल, तर डिप्लोमा. वहिनींच्या मुलाला मी इलेक्ट्रिशियन सांगेन. मिक्सर, कूलर तो आत्ताच उघडून बसतो.