कूपर ब्लॅक, बुकमन की विंडसर?

जुन्या वळणाचा, जरा खेळकर फॉन्ट शोधायला निघालं की ही तीन नावं समोर येतातच. तिन्हींवर 'रेट्रो' असा एकच शिक्का बसतो, पण कामं अगदी निराळी. निवडताना मी आधी दोनच गोष्टी बघते: मजकूर किती आहे आणि वाचणारा किती लांबून वाचणार आहे.

लांबून वाचायचं असेल तर कूपर ब्लॅक, फार विचार नको. ओझवाल्ड कूपर यांचा हा टंक, म्हणजे फॉन्ट, १९२२ मध्ये शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीनं, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्यानं आणला. त्यात टोकदार कोपरा जवळजवळ नाहीच. सेरिफ, म्हणजे अक्षराच्या टोकांना असलेले छोटे फटकारे, गोलावलेले, अक्षरांचे तळवेसुद्धा गोल, त्यामुळे ओळ किंचित डोलते. याचा व्यवहारात मोठा फायदा आहे: शाई थोडी पसरली किंवा कापड खरबरीत निघालं तरी अक्षर बिघडलेलं दिसत नाही, कारण कडा मुळातच मऊ. टी-शर्ट, पिशवी, स्टिकर, पाटी यांना तो फार शोभतो. इझीजेटच्या विमानांवरचं नावही याच टंकातलं. अक्षरं एकमेकांना जवळजवळ खेटून बसवा, तेव्हा खरी मजा येते. लहान आकारात मात्र वापरू नका. स्मॉल 'ए' आणि 'ई' यांच्या पोटातली जागा आधीच चिमुकली, ती पार बुजते.

एखादाच शब्द नटवायचा असेल तर आयटीसी बुकमन. एड बेंगॅट यांनी १९७५ मध्ये त्याला लांब शेपट्यांची, म्हणजे स्वॉश अक्षरं दिली. एक शेपटी शब्दाच्या सुरुवातीला, फार तर आणखी एक शेवटी. त्याहून जास्त लावल्या की शब्दच वाचता येत नाही. घेण्याआधी स्वॉश आहेत ना, ते तपासा. मायक्रोसॉफ्ट ऑफिससोबत येणाऱ्या बुकमन ओल्ड स्टाइलमध्ये ती नाहीत.

विंडसर कूपर ब्लॅकहून जुना, १९०५ च्या सुमाराचा, शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या फाउंड्रीचा. त्याच्या स्मॉल 'एच', 'एम', 'एन'चा उजवा पाय तिरका पडतो. पूर्ण वाक्याचं शीर्षक असेल तर मी हाच घेते.

मजकूर मराठी असेल तर मात्र यांतल्या एकाचाही मूळ टंक देवनागरीत नाही. कूपर ब्लॅकच्या जवळचा गुबगुबीतपणा हवा असेल तर 'एक टाइप' या संस्थेचा 'बलू २' बघा: गोलसर, पाच वजनांत (म्हणजे जाड्यांत), मुक्त परवान्याचा. त्यांचाच 'मोदक' याहूनही जाड. त्यात अक्षरांच्या आतली जागा बारीक चिरेएवढीच उरते, म्हणून तो दोन-तीन अक्षरी शब्दांना आणि खूप मोठ्या आकाराला ठेवावा. दाट जोडाक्षरं असलेला शब्द असेल तर सरळ 'बलू'कडे वळा, आणि छापण्याआधी 'ष्ट्र', 'द्ध', 'क्ष्म' टाइप करून प्रत्यक्ष आकारात एक प्रिंट काढून बघा.