सांबा की एनएफएस: परवानगी अडते कुठे?
सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेल कारखाना. जकार्डच्या (विणीत नक्षी काढणाऱ्या मागाच्या) डिझाइन फायली सर्व्हरवर, आणि तो फोल्डर लिनक्सवर माउंट करताना, म्हणजे आपल्या मशीनला जोडताना, ‘परमिशन डिनाइड’. सांबा आणि एनएफएस या नेटवर्कवरून फायली वाटून घेण्याच्या दोन पद्धती.

सांबात एरर १३ आला तर आधी युझरनेम, पासवर्ड, डोमेन तपासा. फायली दिसतात पण सेव्ह होत नाहीत, तर बहुधा फायलींचा मालक रूट (लिनक्सचा सर्वाधिकारी युझर) दिसतोय. माउंट करताना यूआयडी, जीआयडी (युझरचा आणि त्याच्या ग्रुपचा आकडा) द्या. विंडोज मशिनंही असतील तर सांबाच बरा.

एनएफएस साध्या सेटिंगमध्ये पासवर्ड विचारत नाही, नुसता यूआयडीचा आकडा बघतं. डिझायनर स्वतःच्या मशीनवर १००० आणि सर्व्हरवर १००१, तर नाव तेच असूनही दार बंद. रूटने लिहायला जावं, तर रूट स्क्वॉश (रूटचे अधिकार काढणारं सेटिंग) त्याला ६५५३४, म्हणजे बिनअधिकाराचा युझर, करून टाकतं. ते बंद करणं म्हणजे निव्वळ आळस, आकडे जुळवा. माउंटच नाकारलं तर सर्व्हरवरच्या एक्सपोर्ट्स फाइलीत (कुणाला काय जोडू द्यायचं याची यादी) क्लायंटचा आयपी घालून ‘एक्सपोर्टएफएस -आरए’ चालवा.